ओमेरच्या मागची जागा

रूबे, मंगळवार दुपार
फेब्रुवारी १९११

प्रिय क्लोव्हिस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तू म्हणशील, आली बया भांडायला. तसंच समज. पण पत्र पुरतं वाच. आईची पत्रं अर्ध्यावर घडी करून खिशात कोंबतोस, तसं हे कोंबू नकोस. आई बरी आहे. गुडघे धरलेत तिचे, जीभ नाही. क्लोव्हिस असता तर कोळसा वर आणून दिला असता, हे ती मला रोज ऐकवते. म्हणजे तू तिकडे डंकर्कच्या धक्क्यावर लोकर निवडत मजेत राहणार आणि इकडे बोलणी मी खाणार.

आधी बातमी सांगते. ओमेरला पुन्हा बोलावणं आलंय. फ्रान्सच्या फुटबॉल संघाकडून. हो, त्याच ओमेरला, माझ्या नवऱ्याला, ज्याच्याशी तू ब्रसेल्सच्या सामन्यापासून एक शब्द बोललेला नाहीस. गुरुवारी संध्याकाळी वाँदाम साहेब स्वतः घरी आले होते सांगायला. क्लबचे सचिव झाले म्हणून काय झालं, मी नुकतीच फरशी पुसली होती आणि ते चिखलाच्या बुटांनी थेट चुलीपर्यंत आले. मार्चमध्ये पॅरिसला सामना आहे, स्विस संघाशी, आणि निवड समितीला उजवा बॅक हवाय. कुणीही आनंदाने नाचला असता. ओमेर नाही म्हणाला. का नाही म्हणाला ते सांगणार आहे, त्यासाठीच बसलेय. पण ते इतक्यात लिहायला माझा हात धजत नाही, आणि त्याआधी तुला चार गोष्टी सुनावल्याशिवाय मला चैनही पडायची नाही. एवढं लक्षात ठेव की सोमवारपर्यंत त्याचा नकार पॅरिसला कळवू नका, असं मी वाँदाम साहेबांकडून कबूल करून घेतलंय. जे काय व्हायचं ते येत्या रविवारपर्यंत व्हायला हवं.

आता ऐक. आधी तू माझा होतास. ओमेरचा नंतर. हे कुणाला आठवतच नाही, तुलासुद्धा. बाबांची कबुतरं शर्यतीवरून परत यायची वाट बघत आपण दोघं छपरावर बसायचो ते आठवतं? तू मला तुझी टोपी द्यायचास, कारण माझे कान गार पडायचे. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला तूच मला शिकवलंस, आणि पोरीला काय हे शिकवतोस म्हणून आईच्या हातचा मार खाल्लास. रविवार म्हणजे तू आणि मी, असं माझं सरळ गणित होतं. मग तुमच्या गिरणीतल्या त्या इंग्रज मुकादमांनी बीटच्या शेतापलीकडे गोलाचे खांब रोवले आणि माझे रविवार गेले ते गेलेच.

तेही मी सोसलं असतं. बरीच माणसं बरीच खुळं करतात. पण एका रविवारी तू रंगखात्यातल्या एका लांबड्या माणसाला घरी घेऊन आलास. मनगटापर्यंत निळे हात, बसायला सांगितलं तरी उभाच. आणि तू मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलंस, "झेली, मला ह्याच्याकडे बघावं लागत नाही. तो कुठे असेल ते मला माहीत असतं." हे सांगताना तुझा चेहरा काय फुलला होता! माझा अगदी तिळपापड झाला. तुझ्या पाठची बहीण मी, तुझे सदरे शिवले, तुझ्या खोट्या आईसमोर खपवल्या, माझ्याबद्दल तू असं कधी कुणाला सांगितलं होतंस का?

पुढे मी त्याच निळ्या हातांच्या माणसाशी लग्न केलं. आवडला म्हणूनच केलं, नाही म्हणत नाही. पण तुम्हा दोघांच्या मध्ये बसायला मिळेल असंही कुठेतरी मनात होतं. कसलं काय! लग्न शनिवारी ठेवलं, कारण रविवारी तुमचा तूरक्वँच्या लोकांशी सामना होता. जेवणाला ओमेर माझ्या शेजारी बसायचा तर तू पलीकडून मोहरीचं भांडं, मिठाची वाटी आणि तीन अक्रोड सरकवत आलास आणि तुमची शाळा सुरू झाली. मोहरी म्हणजे ओमेर, मीठ म्हणजे तू. समोरच्याचा फॉरवर्ड आणि गोल यांच्यामध्ये आपली तीन माणसं नसली तर तो ऑफसाइड. म्हणून ओमेरने धावत पुढे जायचं, फॉरवर्डला मागे टाकून ऑफसाइड करायचं, आणि तू मागे थांबायचंस. ओमेरचा अंदाज चुकला तर सावरायला. नववधूच्या वेशात मी हे सगळं ऐकत बसले होते. आजही झोपेतून उठवून विचारलंस तर प्रार्थनेसारखं घडाघडा म्हणून दाखवीन.

मैदानावर तुम्हाला बघणाऱ्या बाया मला म्हणायच्या, काय गं जोडी आहे तुझ्या नवऱ्याची आणि भावाची, एक पुढे गेला की दुसरा आपोआप मागे. मी हसायचे आणि मनातल्या मनात दात खायचे. कारण घरी काय चालायचं ते मला ठाऊक होतं. दोन खोल्यांचं घर आमचं, आणि हा माणूस मला दिवसातून कितीदा तरी धडकतो. मी चुलीकडे वळले की हाही चुलीकडे. मी बादली उचलली की ह्याचा पाय बादलीत. मी कुठल्या बाजूला वळेन हे त्याला अजून कळलेलं नाही. एकदा मी त्याला डोळे मिटायला लावून विचारलं, माझे डोळे कुठल्या रंगाचे? म्हणाला, तपकिरी असावेत. असावेत! पण हवेत दमटपणा आला की लगेच म्हणायचा, आज क्लोव्हिसचा डावा गुडघा दुखत असेल. माझं पोट दुखून दुखून मी आडवी पडले होते त्या दिवशी सुद्धा हेच म्हणाला.

आणि मग ब्रसेल्स. ओमेरला पहिलं बोलावणं आलं तेव्हा मी आनंदाने त्याच्या गळ्यात पडले. आपल्या गल्लीत कुणाला कधी फ्रान्सने बोलावलं होतं? मला वाटलं, आता हा मला उचलेल, निदान हसेल. त्याने माझे हात गळ्यातून सोडवले आणि विचारलं की क्लोव्हिसचं काय. समितीला डावा बॅक पॅरिसचाच हवा होता, कुणा मोठ्या वकिलाचा मुलगा, हे समजल्यावर तो खुर्चीवर बसला तो बराच वेळ उठलाच नाही. तू मात्र शहाण्यासारखा वागलास. त्याची पाठ थोपटलीस, त्याच्या बुटांच्या तळाला चामड्याच्या नव्या पट्ट्या ठोकून दिल्यास, आणि मला म्हणालास, चल झेली, आपण दोघं बघायला जाऊ.

त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. आगगाडीत तू मला खिडकीची जागा दिलीस. ब्रसेल्सला उतरल्यावर बटाट्याचे गरम काप घेऊन दिलेस आणि त्यातले निम्मे स्वतःच खाल्लेस, अगदी लहानपणीसारखे. कितीतरी वर्षांनी तू माझ्या एकटीचा झाला होतास. मला वाटत होतं, सामना सुरूच होऊ नये. मग आपण गोलामागच्या दोरीशी उभे राहिलो आणि शिट्टी वाजली.

ओमेर नेहमीसारखा धावत पुढे गेला. मागे वळून बघायची त्याला सवयच नव्हती, तू लावलीच नव्हतीस. आणि तो पॅरिसवालाही पुढे गेला. त्याच्या क्लबात त्यालाच पुढे जायची सवय होती म्हणे. मागे चिटपाखरू नाही. बेल्जियमचा तो बुटका फॉरवर्ड चालत गेल्यासारखा गेला आणि गोल करून आला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. ओमेरची चूक आहे असं आपल्याकडून आलेली सगळी गर्दी ओरडत होती, आणि मी तुझ्याकडे बघत होते. तुझे पाय हलत होते, क्लोव्हिस. ओमेर पुढे गेला की तू दोरीच्या बाहेर, गर्दीत, दोन पावलं मागे सरकत होतास. मागच्या एका बाईच्या पायावर तुझा बूट पडला, तिने तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तुला पत्ता नाही. मी शेजारी आहे हेही तू विसरला होतास. हातात बटाट्याचा रिकामा कागद धरून मी तशीच उभी राहिले. आपली माणसं फ्रान्स हरतंय म्हणून रडत होती, मी कशासाठी रडत होते ते मलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या गुत्त्यात सगळे तुझ्याभोवती जमले. तू जरा जास्तच प्यायला होतास. कुणीतरी विचारलं, नेमकं काय झालं रे? आणि तू म्हणालास, "ओमेरला पुढे जायची हौस दांडगी. मागे कोण उभं असतं त्याची किंमत मात्र त्याला कधी कळली नाही." सगळे हसले. ओमेर दारातच उभा होता. तू त्याला बघितलंस, त्याने तुला बघितलं, आणि तो आला तसा परत फिरला. झालं. एवढ्यावरून अबोला.

लोक म्हणाले, क्लोव्हिसला फ्रान्सच्या जर्सीचा हेवा वाटला. मी कुणालाही काही बोलले नाही, पण मला ते पटलं नाही. हेव्यात माझा हात कुणी धरणार नाही, मला त्याची जात ओळखू येते. तुला जर्सी नको होती. त्या वकिलाच्या पोराने तुझ्या जागी उभं राहावं आणि तीही त्याला सांभाळता येऊ नये, हे तुला जाळत होतं. मग तोंडातून निघालं ते भलतंच. तू तेव्हाच येऊन त्याला हे सांगितलं असतंस तर? पण तुम्ही दोघेही मूग गिळून बसणारे. आईच्या घरी जेवायला बसलात तर एकमेकांकडे मीठसुद्धा मागायचा नाहीत, मला मधे घालून मागायचात.

आणि तरीही तो सगळा हंगाम तुम्ही शेजारी शेजारी खेळलात! एक शब्द नाही, एक नजर नाही, आणि एकही चूक नाही. ओमेर पुढे, तू मागे. त्या वर्षी क्लबने जितके कमी गोल खाल्ले तितके पूर्वी कधी खाल्ले नव्हते. मी काठावर उभी राहून बघायचे आणि माझ्या डोक्याला झिणझिण्या यायच्या. आमच्यात अबोला झाला की बशा फुटतात, दूध उतू जातं, आई मधे पडते. आणि तुमचा अबोलासुद्धा असा लोण्यासारखा. भांडायलासुद्धा तुम्हाला माझी गरज नाही.

मग तू डंकर्कची नोकरी धरलीस. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला बरं वाटलं. तुला निरोप देताना रडले ते खरं, पण स्टेशनवरून घरी येताना मी गुणगुणत होते. म्हटलं, आता हा माणूस माझा. रविवारी मी सुक्या आलुबुखाऱ्यांत शिजवलेला ससा केला, तुला आवडतो तो. ओमेर जेवला, छान झालाय म्हणाला, आणि भिंतीकडे बघत बसला. पुढच्या रविवारी तेच. मी नवी झालर लावलेला झगा घातला, त्याने विचारलं की थंडी वाजत नाही का. भाऊ गेला आणि त्याच्याबरोबर नवऱ्याचा अर्धा भागही गेला. उरलेला अर्धा माझ्याकडे ठेवलाय, त्याला मी खायला घालते.

तुझ्या जागी आता रेमी म्हणून एक बँकेतला कारकून खेळतो. सज्जन आहे बिचारा, धडकला की माफी मागतो. पण ओमेरने पुढे जायचंच सोडलंय. दोघेही गोलासमोर दाराच्या चौकटीसारखे उभे राहतात. काठावरून लोक ओरडतात, ओमेर, बुटांना खिळे ठोकलेत का, बायकोने बांधून ठेवलंय का. बायकोने! मला वाटतं, जाऊन एकेकाच्या थोबाडीत द्यावी. मला त्याला बांधून ठेवता आलं असतं तर मी हे पत्र लिहीत बसले असते का?

आता गुरुवारचं सांगते. वाँदाम साहेब चुलीशी उभे होते, ओमेर खुर्चीवर. त्यांनी बातमी दिली. ओमेरचा चेहरा क्षणभर उजळला, मी पाहिलं. मग त्याने एवढंच विचारलं की डाव्या बाजूला कोण आहे. अजून ठरलेलं नाही, पॅरिसचाच कुणीतरी असेल, असं साहेब म्हणाले. ओमेरने मान हलवली आणि नाही म्हणाला. साहेब चिडले, अरे, अशी संधी कुणी सोडतं का, लोक काय म्हणतील, क्लबची अब्रू आहे वगैरे. तेव्हा ओमेर जे बोलला ते मी खाली लिहितेय. साहेब जाताना मी त्यांना दारात गाठलं. ते म्हणाले, रविवारी लीलच्या संघाशी आपला सामना आहे, पॅरिसहून समितीचा माणूस बघायला येणार आहे. डावा बॅक त्यालाही हवाच आहे. क्लोव्हिस अजून आपल्याच क्लबचा आहे. तो आला आणि दोघं पूर्वीसारखे खेळले तर मी स्वतः शब्द टाकेन. आला नाही, तर सोमवारी ओमेरचा नकार जाईल, आणि एकदा नकार गेला की समिती त्याला पुन्हा विचारणार नाही. ओमेरच्या नावावर तो एक ब्रसेल्सचा सामना राहील, बस.

हे मी ओमेरला सांगितलं. क्लोव्हिसला लिही म्हटलं. तो म्हणाला, मी बोलावणार नाही, त्याला यायचं नसेल तर मी त्याला अडचणीत का घालू. दोन दिवस मी मागे लागले, मग गप्प बसले. खरं सांगू? गप्प बसायला मला सोपं गेलं. काल दिवसभर कपडे धुतले, त्याची क्लबची जर्सी आपटताना जरा जास्तच जोर लावला. तू आलास तर काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. पुन्हा मोहरीची भांडी, पुन्हा गुडघ्याची चौकशी, पुन्हा मी काठावर. आज सकाळी कागद घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. आई म्हणाली, कुणाला एवढं लिहितेस? तुझ्या लाडक्या लेकाला, म्हटलं.

तर ते वाक्य. गुरुवारपासून ते माझ्याकडेच आहे, कारण ओमेर तुला ते कधीच सांगणार नाही, आणि मला ते तुला द्यायचं नव्हतं. वाँदाम साहेबांना तो म्हणाला, "लोक मला धाडसी म्हणतात. मी धाडसी नाही, साहेब. मागे क्लोव्हिस आहे हे ठाऊक असतं, म्हणून मी पुढे जातो. माझ्या मागे तो नसला की मला भीती वाटते." हे तो बोलला तेव्हा त्याच्या मागे मी उभी होते, कॉफीची किटली घेऊन. त्याने वळूनही बघितलं नाही. ह्या माणसाने माझ्याबद्दल असं एकदा जरी म्हटलं असतं ना, तर मी पुढचं सगळं आयुष्य त्याची भांडी गात गात घासली असती. पण ते माझ्यासाठी नव्हतं. तुझं आहे, क्लोव्हिस. मी फक्त पोचवतेय. रविवारी ये.

तुझीच, त्याच्याही आधीपासूनची,
झेली